टिकणे आणि सावरणे



या व्यासपीठावर बहुतेक वेळा साहित्य, समाज आणि इतिहास यांवर बोलले जाते. यंदा आपण धातुशास्त्र शिकवणाऱ्या एका बाईला बोलावलेत, याबद्दल मी आपली ऋणी आहे. ज्यांच्या स्मरणार्थ आपण आज बेळगावच्या कॅम्पात जमलो आहोत, ते गुरुजी हयातभर शाळेच्या कार्यशाळेत मुलांच्या हाती कानस आणि हातोडी देत राहिले. त्यांच्या नावाने बोलायचे तर विषय हाताला लागणारा असावा, असे मला वाटले.

विषय दोन गुणांचा आहे. घाव बसला तरी जागचे न हलणे हा एक गुण. हलल्यावर, वाकल्यावर, प्रसंगी मोडल्यावरही पुन्हा कामाला लागणे हा दुसरा. पहिल्याला आपण मजबुती म्हणतो. दुसऱ्याला चिवटपणा म्हणा, सावरण्याची ताकद म्हणा. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच वाटतात, कारण दोन्हींमुळे वस्तू टिकते. आतून मात्र त्यांची घडण निराळी असते, आणि एक वाढवायला जावे तर पुष्कळदा दुसरा घटतो. तो घटला आहे हे एरवी कळतही नाही. पूर येतो, भूकंप होतो, आग लागते, तेव्हा कळते. जे वस्तूंचे, तेच पाणीपुरवठ्याचे, रस्त्यांचे, कारखान्यांचे आणि गावांचे. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे: मजबुती एकदा पैसे घालून बांधता येते, सावरण्याची ताकद रोज राखावी लागते, आणि ती कोणी राखायची, तिचा खर्च कोणी सोसायचा, हा सगळ्या समाजाचा प्रश्न आहे.

कशापुढे मजबूत?

कॅम्पापासून आपला किल्ला दूर नाही. तेराव्या शतकाच्या आरंभी, रट्टांच्या राजवटीत तो उभा राहिला. आतले कमल बस्ती हे जैन मंदिर त्याच काळातले. पुढे आदिलशाही आली, मराठे आले, आणि ज्याने त्याने आपापल्या गरजेप्रमाणे त्यात भर घातली. खोल खंदक, जाड तट आणि बुरूज हा सगळा बंदोबस्त मूळचा होता तो शिड्या लावून चढणाऱ्या पायदळापुढे. १८१८ मध्ये जनरल मन्रोच्या फौजेने तोफा आणल्या आणि २१ दिवसांच्या वेढ्यानंतर किल्ला इंग्रजांच्या हाती गेला. दगड काही रातोरात कच्चा झाला नव्हता. ज्या माऱ्याचा विचार करून तट उभारला होता, तो मारा मागे पडला होता.

म्हणून एखादी वस्तू मजबूत आहे एवढेच कोणी सांगितले, तर ते सांगणे अर्धे आहे. कशापुढे मजबूत, किती वेळ मजबूत, आणि ती मर्यादा ओलांडली की पुढे काय होते, हेही सांगायला हवे. यातला तिसरा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. वस्तू किती सोसते हे आपण पाहतो, पण ती मोडते कशी हे पाहत नाही. आणि माणसे वाचतात की दगावतात ते बरेचदा या मोडण्याच्या तऱ्हेवर ठरते.

ही मोडण्याची तऱ्हा बेळगावात कोणाला ठाऊक असेल तर उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीवाल्यांना.

बिडाचे दोन स्वभाव

ओतीव लोखंड, म्हणजे बीड, आपल्या घराघरांत आहे. बिडाचा तवा वर्षानुवर्षे चुलीवर राहतो, त्याला काही होत नाही. तोच तवा हातातून फरशीवर पडला तर त्याचे दोन तुकडे होतात. आच आणि वजन सोसणारी ही वस्तू एका आपटण्याने का जावी? उत्तर डोळ्यांना दिसत नाही, सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. बिडात तीन-साडेतीन टक्क्यांच्या आसपास कार्बन असतो. धातू थंड होताना त्यातला बराचसा ग्राफाइट होऊन वेगळा होतो आणि साध्या बिडात, ज्याला फाउंड्रीत ग्रे आयर्न म्हणतात, तो पातळ पापुद्र्यांच्या रूपात पसरतो. हे पापुद्रे म्हणजे लोखंडात जन्मतःच असलेल्या असंख्य बारीक चिरा. दाबून पाहिले तर लोखंड भक्कम असते, कारण दाबाने चीर मिटते. ओढून पाहिले, आपटून पाहिले, की पापुद्र्याच्या टोकाशी ताण एकवटतो आणि एका चिरेतून दुसरीत फट धावत जाते. वाकणे नाही, ताणणे नाही, एकदम तुकडा.

१९४३ मध्ये अमेरिकेत कीथ मिलिस या धातुशास्त्रज्ञाने वितळलेल्या बिडात थोडे मॅग्नेशियम मिसळून पाहिले, आणि १९४८ मध्ये ही रीत जगजाहीर झाली. मॅग्नेशियमचे प्रमाण अगदी नगण्य, अर्ध्या टक्क्याच्या दहाव्या हिश्शाएवढे. पण तेवढ्याने ग्राफाइटचे पापुद्रे होत नाहीत, गोळ्या होतात. कार्बन तेवढाच, लोखंड तेच. बदलला फक्त दोषाचा आकार. गोळीला टोक नसते, त्यामुळे ताण एकवटायला जागा मिळत नाही आणि फट पुढे धावत नाही. यालाच फाउंड्रीत एसजी आयर्न म्हणतात. उद्यमबागेतून मोटारींचे आणि पंपांचे जे सुटे भाग बाहेर पडतात, त्यांतले कितीतरी याचे असतात.

ही गोष्ट जवळून पाहायची असेल तर कास्टिंग तपासणाऱ्या जुन्या कामगाराजवळ उभे राहावे. साचा फोडून, वाळू झाडून, थंड झालेला भाग तो हुकाला टांगतो आणि त्यावर हातोडी मारतो. गोळ्या नीट धरल्या असतील तर घंटेसारखा स्वच्छ, लांबत जाणारा आवाज येतो. पापुद्रे राहिले असतील तर आवाज भद्द येतो आणि तिथल्या तिथे विरतो. प्रयोगशाळेचा अहवाल यायच्या आधीच त्याने तो भाग बाजूला ठेवलेला असतो.

आता या धातूच्या प्रतीचे नाव पाहा. एसजी ५००/७. पहिला आकडा सांगतो की तुटण्यापूर्वी तो दर चौरस मिलिमीटरला किमान ५०० न्यूटन ताण घेईल. दुसरा सांगतो की तुटण्यापूर्वी तो किमान ७ टक्के लांबेल. म्हणजे मजबुती आणि चिवटपणा, दोन्ही गुण नावातच शेजारी शेजारी लिहिलेले. आणि पूर्ण यादी वाचली की गंमत कळते: ४००/१५, ५००/७, ६००/३, ७००/२. पहिला आकडा चढतो तसा दुसरा उतरतो. जास्त ताण घेणारा धातू हवा असेल तर त्याचे लांबणे कमी होणार. दोन्ही भरपूर हवेत असे म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला फाउंड्रीवाला विचारतो, भाग कुठे बसणार आहे? त्या उत्तराखेरीज प्रत ठरत नाही.

साध्या बिडालाही कमी लेखू नका. तेच पापुद्रे कंपने गिळून टाकतात, म्हणून लेथचा पाया ग्रे आयर्नचा करतात. मशीन थरथरत नाही आणि काम अचूक होते. तिथे चिवटपणाची मातब्बरी नाही. पण रस्त्यावर धावणाऱ्या गाडीच्या चाकाजवळचा भाग खड्ड्यात आपटला तर त्याने तुटण्याआधी वाकावे, चालकाला काहीतरी बिघडल्याचे जाणवावे, गाडी कडेला घ्यायला अवसर मिळावा, ही अपेक्षा असते. जीव वाचवणारा असतो तो हा अवसर. जी वस्तू मोडण्याआधी इशारा देते, ती माणसाला आपल्या बाजूने काही करायची संधी देते.

आणखी एक गोष्ट. मॅग्नेशियम मिसळल्यावर धातू लवकर ओतावा लागतो. वितळलेल्या धातूची लॅडल नुसती उभी राहिली तर मोजक्या मिनिटांत मॅग्नेशियमचा असर उतरत जातो आणि गोळ्यांच्या जागी पुन्हा पापुद्रे धरू लागतात. चिवटपणा असा हळूहळू निसटतो. कागदावर प्रत तीच राहते, भाग मात्र ठिसूळ झालेला असतो. हे वाक्य कृपया लक्षात ठेवा. पाण्याकडे वळल्यावर ते पुन्हा लागेल.

जाड भिंती आणि सुटे दगड

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झालेली, विसर्जन करून लोक उशिरा झोपलेले. पहाटे चारला काही मिनिटे असताना किल्लारी आणि भोवतालच्या लातूर-उस्मानाबाद भागातल्या गावांत जमीन हादरली. हजारो माणसे झोपेतच गेली. भूकंप सहाच्या थोडा वर होता, जगाच्या मानाने मध्यम. एवढे बळी घेतले ते घरांच्या भिंतींनी.

त्या भिंती बारीक नव्हत्या, चांगल्या जाड होत्या. बाहेरून दगडांची एक रांग, आतून दुसरी, मधल्या पोकळीत दगडगोटे आणि माती, सगळ्याला चिखलाचा आधार. वर धाब्याचे छत, त्यावर मातीचा जाड थर. मराठवाड्याच्या उन्हापुढे हे घर अव्वल होते. पिढ्यान्‌पिढ्या त्याने लोकांना गारवा दिला. पण दोन रांगांना एकमेकींशी बांधणारे आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हते. कोपऱ्यात एक भिंत दुसरीत गुंतवलेली नव्हती. जमीन आडवी हलली तेव्हा आतली रांग आत आणि बाहेरची बाहेर फुगली, आणि सगळे वजन खाली आले.

तपासणीला गेलेल्या अभियंत्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली. ज्या घरांत छताचे वजन भिंतीवर नसून आतल्या लाकडी खांब-तुळयांच्या खणांवर होते, तिथे भिंती ढासळूनही छत बऱ्याच ठिकाणी खांबांवर तोलून राहिले. लाकूड दगडापेक्षा मऊ, खांब भिंतीपेक्षा बारीक. पण खांब तुळईला जोडलेला होता, आणि सांधा थोडा हलू शकत होता.

भूकंपानंतर जी घरे बांधायला सांगितली गेली, त्यांत फार महागडे काही नव्हते. ठरावीक अंतरावर आरपार दगड घाला. दाराच्या चौकटीच्या वर, घराभोवती सलग फिरणारा काँक्रीटचा आडवा पट्टा द्या. छत हलके करा. जाडी वाढवा असे कोणी सांगितले नाही. सुट्या गोष्टी एकमेकींना बांधा, एवढेच त्याचे सार. किल्लारीने मला शिकवलेले असे की वस्तूची ताकद तिच्या तुकड्यांपेक्षा तुकड्यांच्या जोडणीत जास्त असते.

कोयनेचे उदाहरण याला लागूनच आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाने कोयना धरणाच्या वरच्या भागात तडे गेले. धरण फुटले नाही. अभियंत्यांनी तडे तपासले, भरले, मागच्या बाजूने काँक्रीटचे टेकू देऊन उंच भाग बळकट केला. ते धरण आजही महाराष्ट्राला वीज देते आहे. बांधकाम दणकट होते हे खरेच. पण त्याच्यामागे तडा वाचणारी, त्याच्याकडे काणाडोळा न करणारी माणसे होती, हेही तितकेच खरे.

काँग्रेस विहीर

आता घरच्या पाण्याकडे येते.

डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावात काँग्रेसचे अधिवेशन भरले. गांधीजी आयुष्यात एकदाच काँग्रेसचे अध्यक्ष झाले, ते इथे. हजारो माणसे येणार, त्यांना पाणी कुठून द्यायचे हा प्रश्न गंगाधरराव देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांपुढे होता. टिळकवाडीत त्यासाठी मोठी विहीर खणली गेली. हंपीच्या स्मरणाने तिला पंपासरोवर म्हणत. गावाने तिला काँग्रेस विहीर केले.

अधिवेशन उठले, विहीर राहिली. पुढे राकसकोपच्या जलाशयाचे पाणी नळाने आले, मग हिडकल धरणाचे आले. नळ आला की विहिरीकडे कोण जाणार? शहरातल्या जुन्या विहिरी एकेक करून विस्मरणात गेल्या. कुणात गाळ साचला, कुणात कचरा पडला, काही बुजल्या. त्यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. नळ मजबूत होता, मोठा होता, सोयीचा होता. विहीर सांभाळणे हा दुहेरी खर्च वाटू लागला.

मग १९९० च्या दशकाच्या मध्याला पावसाने ओढ दिली. जलाशयांतले पाणी उतरले आणि शहर टँकरची वाट पाहू लागले. तेव्हा महापालिकेला आणि इथल्या अभियांत्रिकीच्या अध्यापकांना जुन्या विहिरी आठवल्या. कोणती कुठे आहे याची पाहणी झाली. काँग्रेस विहिरीसारख्या मोठ्या विहिरींतला गाळ उपसला, झरे मोकळे केले, पंप बसवले आणि भोवतालच्या वस्त्यांना पाणी दिले. आपल्या पायाखालचा जांभा सच्छिद्र आहे. पावसाळ्यात तो पाणी पितो आणि खालचा काळा खडक ते धरून ठेवतो. आठ-दहा पुरुष खोलीवर जे पाणी आपण विसरलो होतो, ते तिथेच होते.

या गोष्टीत आनंद आहे, पण मला तिच्यातला इशारा जास्त महत्त्वाचा वाटतो. विहिरी सापडल्या, कारण त्या अजून बुजल्या नव्हत्या. आणखी पंचवीस वर्षे गेली असती तर त्यांच्या जागी इमारती असत्या. मॅग्नेशियमचा असर उतरतो म्हटले ते हेच. नकाशावर शहराला पाण्याचे दोन आधार होते, प्रत्यक्षात एकच उरला होता. वापरात नसलेला आधार हा आधार राहत नाही. पंप महिन्यातून एकदा तरी चालवला पाहिजे, पाणी तपासले पाहिजे, किल्ली कोणाकडे आहे हे वॉर्डातल्या दहा माणसांना ठाऊक पाहिजे.

२००८ पासून शहराच्या काही वॉर्डांत चोवीस तास पाणी आले. ही योजना चांगलीच आहे. हंड्यांची रांग आणि रात्रीचे जागरण ज्या बाईने काढले तिला तिचे मोल विचारा. पण जितकी योजना चांगली चालेल तितकी माणसे टाकी काढतील, आड झाकतील, आणि मुख्य जलवाहिनीत बिघाड झाला की पहिल्याच दिवशी गळाठतील. उत्तम चालणाऱ्या व्यवस्थेचा हा अंगभूत धोका आहे. ती आपल्याला दुसरी वाट विसरायला लावते.

कॅनडाचे परिसरशास्त्रज्ञ सी. एस. होलिंग यांनी १९७३ मध्ये एका निबंधात हाच फरक निसर्गाबद्दल मांडला. एखादे जंगल दरवर्षी सारखेच दिसते म्हणून ते सुरक्षित आहे असे समजू नका, असे त्यांचे सांगणे होते. कीड येऊन जाणारे, झाडांचे प्रमाण खालीवर होणारे जंगल अस्थिर दिसते, पण मोठा धक्का पचवून जंगल म्हणून उरण्याची कुवत त्याच्यात जास्त असू शकते. स्थिर दिसणे वेगळे आणि तगून राहणे वेगळे.

राखीव ताकद

कॅम्पात राहणाऱ्याला राखीव दल म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र ज्या गावात आहे, तिथे लहान मूलही सांगेल की सगळीच माणसे आघाडीवर उभी करून चालत नाही. राखीव तुकडी लढाई सुरू होईपर्यंत बसून खाते असे दिसते. तिच्यावाचून सेनापती एका अनपेक्षित हल्ल्यात हरतो. नागरी कारभारात मात्र हेच शहाणपण उधळपट्टी ठरते. रिकामी खाट, भरलेले गोदाम, जास्तीचा कामगार, दुसरा रस्ता, या सगळ्यांवर लेखापरीक्षक लाल शाई मारतो.

गोदाम रिकामे ठेवण्याची कला टोयोटाने जगाला शिकवली. लागेल तेव्हा, लागेल तेवढाच माल. १ फेब्रुवारी १९९७ रोजी कारिया गावातल्या आयसिन सेइकी कंपनीच्या कारखान्याला आग लागली. टोयोटाच्या जवळजवळ सगळ्या गाड्यांच्या ब्रेकमध्ये बसणारा एक छोटा व्हॉल्व्ह तिथे बनत असे, आणि साठा नावापुरता. टोयोटाचे जपानमधले बहुतेक सगळे काम ठप्प झाले.

पुढे जे घडले ते शिकण्यासारखे आहे. आयसिनने आपली रेखाचित्रे खुली केली. सुमारे २०० कारखाने, लहानमोठे, पुढे आले. शिलाई यंत्रे बनवणारी ब्रदर कंपनीसुद्धा व्हॉल्व्ह कातू लागली. आठवड्याच्या आसपास गाड्या पुन्हा बाहेर पडू लागल्या. गोदामात माल नव्हता. राखीव होते ते आजूबाजूच्या कारखान्यांतले हात आणि वर्षानुवर्षांची देवघेव. उद्यमबागेत हे चित्र नवीन नाही. एकाचे मशीन बंद पडले की शेजारचा जॉब करून देतो, पैशांचे मागून पाहतात. अशा नात्यांची नोंद कोणत्याही ताळेबंदात नसते, आणि स्वस्त दराच्या एका निविदेने ती तुटू शकतात.

बेळगावच्या औद्योगिक इतिहासाची सुरुवातच अशा सावरण्याने झाली आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये इथे सायकलचे दुकान थाटले, मग कडबा कापण्याची यंत्रे काढली, लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमीन नासते या समजुतीने शेतकरी तो घेईनात. पहिले नांगर खपायला फार दिवस लागले. त्या नांगराचा फाळ झिजणार हे ठरलेलेच होते, म्हणून तो काढून नवा बसवता येत असे. जे झिजणार ते बदलता यावे, याहून सोपे तत्त्व दुसरे नाही. पुढे नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडायला सांगितली. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी माळरान दिले आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. बेळगावात जागा गेली, पण कामगारांचे कसब, साचे आणि माणसांचा एकमेकांवरचा विश्वास गाडीत घालून नेता आला.

आता आपल्या महामार्गाकडे पाहा. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचे पाणी राष्ट्रीय महामार्गावर आले. बेळगाव-कोल्हापूर वाहतूक थांबली, ट्रकांच्या रांगा लागल्या. रस्ता पक्का होता, चौपदरी होता. पण दोन शहरांमधली सगळी जड वाहतूक एकाच पट्टीवर आणून ठेवलेली, आणि आतले रस्ते व छोटे पूल त्याच पुराखाली. गोव्याला बेळगावची भाजी जाते तिचीही गत अशीच आहे. चोर्ला घाटात दरड आली की पणजीच्या बाजारात दर चढतात.

वेदगंगा आणि दूधगंगा कोल्हापूर जिल्ह्यात उगवतात आणि निपाणी-चिक्कोडीकडे येतात. वरच्या धरणातून किती पाणी सोडले, खालच्या गावात ते कधी पोहोचेल, हे सांगणारी खाती महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन राज्यांची. सीमेचा वाद ज्याच्या मनात जसा असेल तसा असो. पाण्याची बातमी वेळेवर आली पाहिजे याबद्दल सदलग्याच्या कन्नड शेतकऱ्याचे आणि कागलच्या मराठी शेतकऱ्याचे मत एकच असेल. किल्लारीच्या भिंतीत आरपार दगड नव्हते. दोन राज्यांच्या खात्यांमध्ये असा आरपार दगड म्हणजे रोज एकमेकांशी बोलणारी माणसे, ठरलेला फोन, एकच पूरनकाशा. तो घालायला सिमेंट लागत नाही.

सोसायचे कोणी?

शेवटचा मुद्दा मला सगळ्यांत जवळचा आहे.

पूर ओसरला की वर्तमानपत्रांत लोकांच्या चिवटपणाचे कौतुक छापून येते. चिखल उपसणाऱ्या बायकांची छायाचित्रे येतात. ते कौतुक खोटे नाही. पण त्या बाईला तिसऱ्यांदा चिखल उपसायला लागतो आहे, आणि आपण तिची पाठ थोपटतो आहोत, यात मला काहीतरी विपरीत दिसते. व्यवस्थेने जो धक्का झेलायला हवा होता तो तिने झेलला. बंधारा, गटार, धोक्याची सूचना, विमा, यांतले एकही वेळेवर हजर नव्हते, म्हणून तिचे दागिने आणि तिची कंबर हजर झाली. माणसाच्या चिवटपणावर जेव्हा असा भरवसा टाकला जातो, तेव्हा ती व्यवस्थेची उधारी असते.

निपाणीने हे फार स्पष्ट दाखवले आहे. तंबाखू हे तिथले नगदी पीक, आणि बाजार व्यापाऱ्यांच्या हातात. ज्याच्या घरात पुढच्या महिन्याची बेगमी नाही, तो शेतकरी भाव पडला तरी माल विकतो, आणि समोरच्याला ते पक्के ठाऊक असते. थांबून राहता येणे हीच ताकद. १९८१ मध्ये शेतकरी नेते शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक शेतकरी निपाणीजवळ महामार्गावर ठाण मांडून बसले, ते भावासाठी. एप्रिलमध्ये गोळीबार झाला आणि शेतकरी प्राणाला मुकले. त्याच काळात तंबाखूच्या वखारींत आणि विड्या वळण्याच्या कामात राबणाऱ्या बायका प्रा. सुभाष जोशी यांच्याबरोबर संघटित झाल्या. हजार विड्यांवर मजुरी मोजली जाते. हात थांबला की चूल थांबते. एकटीच्या गाठीला काही नव्हते, तेव्हा सगळ्या मिळून एकमेकींची गाठ झाल्या. कामगार संघटना, पतपेढी, भिशी, सहकारी संस्था यांच्याकडे मी धातुशास्त्राच्या नजरेने पाहते तेव्हा मला वाटते की ताण एका टोकाशी एकवटू न देण्याची ही माणसांनी शोधलेली रीत आहे.

म्हणून मजबुती आणि सावरणे यांची वाटणी न्यायाने व्हावी, एवढे माझे मागणे आहे. जिथे मोडले तर माणसे मरतात, तिथे मजबुतीत काटकसर नको: धरण, शाळेची इमारत, दवाखाना, पूल. ऑगस्ट २०१६ च्या एका रात्री महाडला सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला आणि त्याबरोबर एसटीच्या दोन गाड्या गेल्या. दगडी पूल जुना म्हणून भरवशाचा, ही आपली समजूत त्या रात्री फार महागात पडली. आणि जिथे धक्का बसणारच आहे, तिथे सावरायची सोय आधीपासून असावी, आणि ती गरिबाच्या अंगमेहनतीवर सोडून दिलेली नसावी.

यासाठी फार मोठे तत्त्वज्ञान लागत नाही. नवे काम मंजूर होते तेव्हा त्याच्या अंदाजपत्रकात देखभालीचा आकडा पहिल्या दिवसापासून लिहिलेला हवा, आणि वर्ष अखेरीस तो दुसरीकडे वळवायला मनाई हवी. महापालिकेने शहरातल्या प्रत्येक सार्वजनिक विहिरीची पाण्याची पातळी दर उन्हाळ्यात मोजून ती वॉर्डात लावायला हवी. दुरुस्ती जाणणारी माणसे, प्लंबर, फिटर, गवंडी, वायरमन, ही कंत्राटावर येणारीजाणारी न राहता पगारावर राहायला हवीत, कारण जुनी जलवाहिनी रस्त्याच्या कोणत्या बाजूने गेली आहे हे कागदापेक्षा त्यांना जास्त ठाऊक असते. आणि आपण नागरिकांनी उद्घाटनाला जेवढी गर्दी करतो, तेवढी एकदा अंदाजपत्रकाच्या सभेला करावी. फीत कापण्याच्या दिवशी वस्तू मजबूत आहे की नाही एवढेच दिसते. तिला सावरणारे कोणी आहे की नाही, हे विचारायची जागा ती सभा आहे.